पटावरील दख्खन आणि येऊ घातलेला खेळ

डिसेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या कंपनीने एक घोषणा केली. 'टोटल वॉर' या नावाची तिची ऐतिहासिक युद्धखेळांची मालिका २००० सालापासून चालू आहे. त्या मालिकेत मध्ययुगावरचा तिसरा खेळ, 'मेडिव्हल ३', तयार करावयास घेतला आहे, अशी ती घोषणा. मध्ययुगावरचा पहिला खेळ २००२ साली निघाला होता व दुसरा २००६ साली. तिसरा अद्याप पूर्वतयारीच्या अवस्थेत आहे, असे कंपनीनेच सांगितले. म्हणजे लग्नाची याददेखील झाली नाही, आणि जेवणावळीचा बेत मात्र गावभर ठरू लागला आहे. नकाशा कुठवर जाईल, राज्ये कोणकोणती असतील, नियमांत नवे काय येईल, यावर खेळणाऱ्यांचे तर्क चालू आहेत.

सांस्कृतिक पानावर या विषयास जागा कशाला, असे कोणी वडीलधारे विचारतील. उत्तर एवढेच की, आपल्या घरांतील बारा-चौदा वर्षांच्या मुलांना बिदर हे नाव जेथे प्रथम भेटते ते ठिकाण आता बखर, कीर्तन किंवा शाळेचे पुस्तक राहिलेले नाही. बहुधा असा एखादा खेळच असतो. माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या एका मुलास महमूद गवान कोण हे माहीत नव्हते. बहमनी राज्य हाती घेऊन ते कोणत्या बाजूने वाढवीत न्यावे, हे मात्र तो तोंडपाठ म्हणून दाखवी. ज्या पटावर मुले इतके तास घालवितात त्या पटाचे नियम कोण ठरवितो व ते आपल्या भूमीला लागू पडतात काय, हे पाहणे वडिलांचे काम आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर नकाशा असतो. खेळणारा एका राज्याचा धनी होतो. त्याने कर बसवावा, तट बांधावे, वकील पाठवावे, सोयरीक जुळवावी, आणि लढाई जुंपली म्हणजे फौज स्वतः हलवावी. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात वीस-वीस अध्यायांचे पाच भाग आहेत: राज्य कसे मिळवावे, मिळाल्यावर कसे स्थिर करावे, त्याचा उपभोग कसा घ्यावा, मग विनोद, आणि शेवटी क्रीडा. गाण्याबजावण्याचा विचार विनोदांत आला आहे, चतुरंगाचा क्रीडांत. राज्यकारभार, गाणे व पटावरचा डाव ही तिन्ही एकाच ग्रंथात एकाच राजाने बसविली. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंदही त्याने करून ठेविली आहे. आमच्या गाणाऱ्यांच्या दृष्टीने हा ग्रंथ फार मोलाचा. पण आज मला त्याची आठवण झाली ती तो जेथे जन्मला त्या प्रदेशामुळे.

बसवकल्याण आणि हुमनाबाद यांच्या दरम्यान, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर राजेश्वर नावाचे गाव आहे. बिदर जिल्हा, तालुका बसवकल्याण. या गावाच्या आसपास तीन राजधान्या होऊन गेल्या. पश्चिमेस चालुक्यांचे कल्याण. दक्षिणेस गुलबर्गा, जेथे १३४७ नंतर बहमनी तख्त आले. आणि ईशान्येस बिदर, जेथे १४३० च्या सुमारास अहमदशहाने ते तख्त नेले. पुढे बहमनी राज्याची पाच शकले झाली. बिदर बरीदशाहीकडे राहिले, १६१९ साली विजापूरने ते घेतले, १६५७ साली औरंगजेबाने बिदर व कल्याणी दोन्ही जिंकली, मग निजाम आला, १९४८ साली निजामी गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कानडी, मराठी, दख्खनी उर्दू आणि तेलुगू या चारी भाषा त्या टापूत कानावर पडतात. कोणताही ऐतिहासिक खेळ पाहिला की मी मनाशी हीच कसोटी लावतो: या खेळाच्या नकाशावर राजेश्वरातील माणूस मावतो काय?

आजवरचा जमाखर्च असा आहे. 'टोटल वॉर' मालिकेतील २००९ चा 'एम्पायर' हा खेळ १७०० सालापासून सुरू होतो व त्यात मराठ्यांचे राज्य खेळावयास मिळते. स्वीडनच्या 'पॅराडॉक्स' कंपनीने 'क्रुसेडर किंग्स २' या खेळात २०१४ साली हिंदुस्थानचा नकाशा जोडला. त्याच कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' ची सुरुवात नोव्हेंबर १४४४ मध्ये होते, म्हणजे बहमनी ऐन भरात असताना. त्याला २०१८ साली 'धर्म' नावाची पुरवणी निघाली आणि हिंदुस्थानातील प्रांत पुन्हा नीट आखले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेला पाचवा भाग १३३७ सालापासून सुरू होतो. तेव्हा दख्खन महंमद तुघलकाच्या ताब्यात होते आणि बहमनी राज्य जन्मास यावयास दहा वर्षे अवकाश होता. एकंदरीत स्वीडनवाल्यांनी दख्खनकडे पुष्कळ लक्ष दिले. इंग्रजांच्या 'मेडिव्हल' खेळांत मात्र हिंदुस्थान नाही. २००६ च्या खेळात पूर्वेकडचा नकाशा आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. परंतु तैमूरची फौज चालून येते तेव्हा तिच्याबरोबर हत्ती येतात, आणि तेही पाठीवर तोफा लादलेले! देश नकाशावर नाही, हत्ती तेवढे हजर. पाहुण्याने घरी न येता अंगणातला आंबा उतरवून न्यावा, तसा हा प्रकार.

तिसऱ्या खेळात नकाशा वाढला आणि दख्खन त्यात आले, असे क्षणभर धरून चालू. आता नियमांचे काय?

२००६ च्या खेळात एक मूलभूत नियम आहे. प्रत्येक ठिकाण एकतर किल्ला असते किंवा शहर असते. किल्ल्यात चांगली फौज तयार होते, शहरातून पैसा येतो. युरोपापुरते हे ठीक असेल. बिदरला तुम्ही काय म्हणणार? तेथे किल्ला आहे, किल्ल्याला लागून तटबंदीचे शहर आहे, आणि त्या शहरात १४७२ साली महमूद गवानने बांधलेला मदरसा आहे. दख्खनमध्ये खरा प्रश्न किल्ला की शहर हा नव्हताच. किल्ला कोणाच्या हातात, हा होता. बहमनी राज्याचे आरंभी चार तरफ होते व प्रत्येकावर एक तरफदार. गवानने चारांचे आठ केले, जमिनीची मोजणी मांडली आणि तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर बादशहाने परस्पर किल्लेदार नेमावे अशी व्यवस्था लावली. कागदावर याहून चोख सुधारणा नाही. परिणाम काय झाला? दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या नावचे बनावट पत्र तयार केले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी महंमदशहा तिसऱ्याने त्याचा शिरच्छेद करविला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तरफदार स्वतंत्र होऊ लागले. खेळात हा नियम आणता येईल आणि तो रंगेलही: सरदाराच्या हातचा एकेक किल्ला काढाल तसा खजिना वाढेल, आणि दरबारात तुमच्या विश्वासू कारभाऱ्याविरुद्ध कुजबुजही वाढेल. परदेशातून आलेले आफाकी व येथे रुजलेले दख्खनी, असे दोन तट दरबारात होतेच. खेळणाऱ्याने पत्र खरे मानावे की खोटे, हे त्याचे त्याने ठरवावे. आजच्या खेळांत बंडाची शक्यता एका आकड्याने दाखवितात. आकडा दिसला की मुलगा शिबंदी वाढवितो आणि मोकळा होतो. बनावट पत्राला आकडा चिकटविता येत नाही.

घोड्यांचेही तसेच आहे. त्या खेळांत तबेला बांधला की घोडदळ उभे राहते. दख्खनमध्ये तबेला बांधून भागत नसे. चांगला घोडा अरबस्तानातून, इराणातून समुद्रमार्गे यावा लागे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास याच व्यवहारासाठी आला. विकावयास आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने अडकवून ठेविला, धर्म बदलशील तर परत देईन म्हणाला, आणि तो घोडा सुटेपर्यंत त्या बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. पुढे तो बिदरला गेला. तेथील उमरावांचा थाट आणि रयतेचे दारिद्र्य, दोन्ही त्याने लिहून ठेविले आहे. चौल, दाभोळ, गोवा ही बंदरे ज्याच्या हाती, घोडे त्याच्या हाती. गवानने गोवे घेण्यासाठी एवढी धडपड का केली, ते यावरून ध्यानी येईल. पण घोडे असूनही सह्याद्रीत काय होई, ते पंधराव्या शतकाच्या मध्यास शिर्क्यांनी दाखविले. बहमनी फौज खेळण्याच्या वाटेवर रानात नेऊन त्यांनी कापून काढली. रान, चढण, पाऊस यांचा हिशेब अलीकडचे खेळ बऱ्यापैकी धरतात. तेवढ्यापुरती मला चिंता नाही.

चिंता वाटते ती धान्याच्या कोठाराची. दुष्काळ हा दख्खनच्या इतिहासातला फार मोठा सरदार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे: दुष्काळात त्यांनी बादशहाचे कोठार रयतेस लुटविले, बिदरहून पकडण्याचा हुकूम सुटला, आणि विठू महार बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरून पावती घेऊन आला. चमत्कार बाजूस ठेवा. कथेच्या आत राज्यकारभाराचा एक अवघड प्रश्न उभा आहे. धान्य सरकारचे, भूक रयतेची, आणि किल्ली मधल्या अंमलदाराच्या कमरेला. त्याने हुकुमाची वाट पाहावी काय? 'युरोपा' च्या पाचव्या भागात अन्नसाठ्याची व्यवस्था केली आहे हे मान्य करावयास हवे. प्रांतात धान्य साठते, फौज ते खाते, साठा संपला की माणसे मरतात. ही मोठी प्रगती होय. परंतु तेथे कोठार खेळणाऱ्याचे आणि खेळणारा म्हणजेच राज्य, त्यामुळे दामाजीला जागाच उरत नाही. नवा नियम हवा तो असा की, राजाने न विचारता अंमलदाराने कोठार उघडावे, आणि ते कळल्यावर त्याला शिक्षा करावयाची की रयतेचा दुवा पदरात घ्यावयाचा, हे खेळणाऱ्यास ठरवावे लागावे. शिक्षा केली तर पुढच्या दुष्काळात कोणी कोठार उघडणार नाही. सोडून दिले तर पुढच्या सुगीला दहा अंमलदार दुष्काळाची सबब सांगतील. दोन्ही बाजूंना किंमत आहे. असल्या पेचासाठी चौदा वर्षांचा मुलगा रात्री जागला तर मी त्याला रागावणार नाही.

धर्माचा नियम त्याहून नाजूक आहे. २००६ च्या खेळात प्रत्येक प्रांतात कोणत्या धर्माचे किती शेकडा, असा तक्ता असतो; धर्मगुरू पाठवून तो तक्ता आपल्या बाजूस झुकवावयाचा. क्रुसेडच्या कथेला हे लागते, समजू शकते. हाच तक्ता बिदर-गुलबर्ग्यास लावून पाहा. बाराव्या शतकात कल्याणात बसवेश्वर बिज्जलाच्या दरबारी होते. तेथून निघालेली वीरशैवांची चळवळ या टापूत खोल रुजली. १४०० च्या सुमारास ख्वाजा बंदेनवाज गुलबर्ग्यास आले व त्यांचा दर्गा आजही सर्वांचा आहे. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहाची कबर आहे. त्याच्या उरुसात लिंगायत जंगमाचा मान असतो आणि भक्त त्याला अल्लमप्रभू मानून हात जोडतात. राजेश्वरहून जवळच, हुमनाबादेजवळच्या माणिकनगरी एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी सकलमत संप्रदाय चालविला. आमच्या व्यवसायातील कित्येकांनी दत्तजयंतीस तेथे हजेरी लावली आहे, आणि गाताना समोर कोण कोणत्या धर्माचा बसला आहे याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. या लोकांना तक्त्यात कोणत्या रकान्यात घालणार? अष्टूरच्या उरुसाला जाणारा शेतकरी शेकडा किती हिंदू आणि शेकडा किती मुसलमान? याचा अर्थ येथे तंटे नव्हते असा मुळीच नाही. गवानच्या काळीही होते आणि त्यानंतरही झाले. परंतु तंटा आणि उरूस दोन्ही एकाच गावात होत, आणि तक्त्याला फक्त तंटाच कळतो. खेळ बनविणाऱ्यांनी संत, दर्गा, मठ यांना प्रांताचा रंग बदलणारे हस्तक न करता, प्रांतातील निरनिराळ्या लोकांना एका बाजारात, एका जत्रेत आणणारी ठिकाणे केले तर खेळ अधिक खरा होईल आणि, मला वाटते, अधिक अवघडही.

भाषेचेही तेच. असल्या नकाशांत प्रांताला एक प्रमुख संस्कृती असते आणि तिचा एक रंग. १९५६ साली आपल्याकडच्या नकाशांतही तोच उपाय योजावा लागला आणि त्याचे दुखणे अजून गेले नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा लावला तो ८६५ गावांचा आहे, आणि बेळगाव-कारवारप्रमाणे बिदर व गुलबर्ग्याकडील गावेही त्यात येतात. जे खऱ्या राज्यकर्त्यांना जमले नाही ते खेळ करणाऱ्यांना जमावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी 'युरोपा' च्या पाचव्या भागाने प्रांताऐवजी माणसे मोजावयास सुरुवात केली आहे; एका ठिकाणी निरनिराळ्या भाषा-धर्मांची किती माणसे आहेत याची गणना त्यात असते. राजधानीपासून जसजसे दूर जावे तसतसा सरकारचा अंमल पातळ होतो, असाही नियम त्यात आहे. हा नियम राजेश्वरला नेमका लागू पडतो. तख्त गुलबर्ग्याहून बिदरला गेले त्या दिवशी गाव जागचे हलले नाही, पण त्याचा वसूल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. इंग्रज कंपनीने स्वीडनवाल्यांचे एवढे जरी उचलले तरी पुष्कळ.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. 'युरोपा ४' मध्ये राजाला सल्लागार नेमता येतात, आणि त्यांत 'कलावंत' हा एक प्रकार आहे. तो पदरी ठेवला की राज्याचे स्थैर्य वाढविण्याचा खर्च शेकडा दहाने कमी होतो. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्यामुळे संस्थानचे स्थैर्य शेकडा दहाने स्वस्त झाले होते, हे त्यांना कळते तर त्यांनी पगारवाढीचा अर्ज निश्चित केला असता. विनोद सोडला तरी मुद्दा उरतोच. दरबार कलावंत का पोसतो? विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा स्वतः दख्खनीत 'किताब-ए-नवरस' लिहितो आणि त्यात सरस्वतीला वंदन करतो, त्याने त्याचे राज्य किती स्थिर झाले? याला शेकड्याचे माप नाही. त्या राज्याला एक स्वभाव आला, आणि राज्य गेल्यावरही तो स्वभाव मागे राहिला. खेळात याची सोय करणे अशक्य नाही. राजघराणे बुडाले म्हणजे खेळ संपतो. त्याऐवजी, दरबार बुडाला म्हणजे तेथील गाणारे, कारागीर, पंडित शेजारच्या दरबारी जातात आणि जिंकणाऱ्याचा दरबार हळूहळू हरलेल्यासारखा होतो, असा एखादा नियम का नसावा? बिदरचे बिदरीकाम बहमनी गेले, बरीद गेले, निजाम गेला, तरी चालू आहे.

आणखी एक उणीव मला नेहमी खटकते. कौटिल्याने परराज्याशी वागण्याचे सहा गुण सांगितले. त्यांत यान, म्हणजे चाल करून जाणे, जसे आहे तसेच आसन, म्हणजे स्वस्थ बसून राहणे, हेही आहे. या खेळांत स्वस्थ बसणाऱ्याची धडगत नसते. गाण्यात थांबणे हा गाण्याचाच भाग. पडद्यावरच्या राजाला दर डावास काहीतरी गिळावे लागते. स्वस्थ बसण्याला काही फळ देणारा नियम कोणी शोधून काढला, तर तो सर्वांत नवा म्हणावा लागेल.

हे सारे प्रत्यक्षात येईल काय? माझा अंदाज सांगतो. पहिल्या आवृत्तीत दख्खन येणार नाही. या मालिकेचा जीव पोप, क्रुसेड व इंग्लंड-फ्रान्सच्या लढाया यांत आहे आणि तिचा गिऱ्हाईकही तिकडचाच. फार तर पुढे दाम मोजून घ्यावयाची एखादी पुरवणी निघेल. 'क्रुसेडर किंग्स' च्या बाबतीत हिंदुस्थान तसाच मागाहून आला. मला त्याचा विषाद नाही. बाह्या सरसावून हत्ती, मसाले आणि हिरेमाणके एवढेच घेऊन आपण त्या नकाशावर यावे, त्यापेक्षा चार वर्षे उशिरा, कोठारांसकट आलेले बरे. खेळ पूर्वतयारीत असताना नियम वाकविता येतात, तयार झाल्यावर फक्त रंग बदलता येतात. म्हणून बोलावयाचे तर आत्ताच बोलावयास हवे, आणि खेळणाऱ्या मुलांनी कंपनीस लिहावयास हवे.

माझ्या शिकवणीतील दोघा मुलांनी दामाजीचा नियम कागदावर मांडूनही पाहिला. कोठारातील खंड्या, अंमलदाराची निष्ठा, रयतेचा रोष, सगळे जमले. मंगळवेढ्याहून बिदरला हुकूम पोहोचावयास किती डाव लागतील हेही त्यांनी हिशेबाने ठरविले. गाडे अडले ते विठू महाराशी. रक्कम कोणी भरली हे खेळणाऱ्यास कळू द्यावे की नाही, यावर दोघांचे तीन दिवस भांडण चालू आहे.